कोरडं मीठ

५ डिसेंबर, गुरुवार

इथल्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. तिकडे वसमतला विजयश्री आणि स्वरूपाला रविवारची. म्हणजे मी मोकळा असतो तेव्हा मायलेकी एकाच शाळेत, एक शिकवायला, एक शिकायला. आणि त्या मोकळ्या असतात तेव्हा मी चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये. नोकरी धरताना हे ध्यानातच आलं नाही.

कपडे धुतले. दुपारी बाजार समितीकडे चक्कर मारली. कांद्याच्या गाड्या हमरस्त्यापर्यंत उभ्या होत्या. हमाल एकमेकांना शिव्या देत हसत होते. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो, एकाने विचारलं, "काय पायजे काका?" काहीच नको होतं. परत आलो.

दिवसभर बोललो नाही की संध्याकाळी स्वतःचा आवाज घोगरा लागतो. सोळा वर्षं रोज फळ्यापुढे बोलून गेली. सगळी तासिका तत्त्वावर. दर जूनला वाटायचं, यंदा कायम करतील. यंदा रसायनशास्त्राला मुलंच आली नाहीत आणि तासही गेले. विजयश्री म्हणाली, "आता तरी काहीतरी दुसरं बघा." बघितलं.

घरमालकीण कुशाबाई रोज संध्याकाळी माझ्या दारावरून दोनदा जातात. दिवा किती जाळतो ते बघत असाव्यात.

९ डिसेंबर

हिंदुरावशेठ माणूस वाईट नाही. याच गावचे. जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशांत शेड उभी केली. मला घेताना म्हणाले होते, "सर, आपल्याला केमिस्ट पायजेच. मोठ्या कंपनीचं काम आलंय, त्यांची माणसं तपासाया येनार." शिक्षणाची कदर करणारा माणूस भेटला म्हणून मला बरं वाटलं.

आज ते काम सुरू झालं. इलेक्ट्रिक गाडीचे सुटे भाग, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. हातात घेतला तर कागदी खोका उचलल्यासारखं वाटतं. आपले कारागीर कौतुकाने एकमेकांकडे फेकत होते. मशीनवर धातू कापला की जो कीस पडतो त्याला इथं चिप्स म्हणतात. मागे जाऊन बघितलं तर मॅग्नेशियमच्या चिप्स उघड्या ड्रममध्ये, त्यातच ॲल्युमिनियमच्या, त्यातच लोखंडाच्या. आणि शेजारी आगीसाठी म्हणून पाण्याने भरलेल्या लाल बादल्या.

तसाच आत गेलो. शेठना सांगितलं की मॅग्नेशियम पेटलं तर त्यावर पाणी चालत नाही, उलट भडकतं. नेहमीचं आगीचं नळकांडंही चालत नाही. त्याची वेगळी भुकटी मिळते.

"मागवतो की," ते म्हणाले. "तवर पोरांना शिकवा तुमी. मास्तर हायेत ना."

१२ डिसेंबर, गुरुवार

रात्री विजयश्रीचा फोन. खोली केवढी आहे, विचारत होती. दहा बाय बारा, सांगितलं. पाणी किती वाजता येतं? साडेसहाला. जवळ शाळा आहे का? आहे, माध्यमिक, मराठी आणि सेमी दोन्ही. इमारत बरी आहे, मैदान नाही. सगळं नीट सांगितलं. मग तिला बोलायला काही उरलं नसावं. "बरं, ठेवते," म्हणाली.

दुसरं काही विचारत नाही. मी जेवतो का, झोपतो का, काही नाही. खोलीची लांबी-रुंदी.

२० डिसेंबर

आज वर्ग घेतला आणि फसला.

जेवणाच्या सुट्टीत फळा टांगला. अणूचं केंद्र काढलं, भोवती इलेक्ट्रॉनचे थर, क्रियाशीलता श्रेणी वरून खाली: पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, थेट सोन्यापर्यंत. वरचे धातू झटकन क्रिया करतात, खालचे करत नाहीत. सुंदर मांडणी होती. कॉलेजात या तासाला मुलं लिहून घ्यायची. इथं एकाने विचारलं, "सर, परीक्षा कवा हाय?" सगळे हसले. दोघे पोळी खात मोबाइल बघत होते. मुरारी म्हणून जुने ऑपरेटर आहेत, पन्नाशीचे. ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा माझं कॅल्शियम चाललं होतं.

फळा पुसताना मुरारी जवळून गेले. काहीतरी बोलतील वाटलं. "खडू लई उडतो," एवढंच म्हणाले.

२६ डिसेंबर, गुरुवार

दिग्विजयकडे गेलो होतो. माझा विद्यार्थी, आता हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत. पिंपळे सौदागरला घर घेतलंय. फाटकावर रखवालदाराने नाव, फोन, कुणाकडे, कशासाठी, सगळं विचारलं. "कशासाठी" याला मी "सहज" म्हणालो. त्याने मोबाइलवर काहीतरी दाबलं, वरून परवानगी आली, मग सोडलं.

दिग्विजय घरूनच काम करत होता. कानात ते बोलायचं यंत्र. मधेमधे "एक मिनिट हं सर" म्हणत आतल्या खोलीत जायचा. त्याच्या बायकोने पोहे दिले, छान होते. मी खिडकीतून खाली बघत बसलो. इतक्या उंचीवरून माणसं ओळखू येत नाहीत, नुसत्या हालचाली दिसतात.

निघताना लिफ्टपाशी तो म्हणाला, "सर, तुमचं बाकी काही आठवत नाही, पण तो सोडियमचा तास आठवतो. पाण्यात टाकलात आणि ते पिसाळल्यासारखं नाचलं, मग भक्कन पेटलं. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं."

बाकी काही आठवत नाही म्हणाला. बसमध्ये त्याचंच वाईट वाटत राहिलं. भोसरी आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आठवतं ते बघितलेलं.

३ जानेवारी

फळा नेलाच नाही.

चहाच्या गाडीवरून चार काचेचे पेले आणले, शेजारच्या चायनीजवाल्याकडून व्हिनेगर. एकात तांब्याची तार टाकली, एकात लोखंडाच्या चिप्स, एकात ॲल्युमिनियमच्या, एकात मॅग्नेशियमच्या. तांबं निवांत. ॲल्युमिनियम निवांत. लोखंडावर बघत बसलं तर एखाद-दुसरा बुडबुडा. मॅग्नेशियमने मात्र सोडावॉटरसारखा फेस धरला. मोबाइल खाली गेले.

मग सगळ्यांना मागच्या मोकळ्या जागेत नेलं. लोखंडी तव्यावर चिमूटभर मॅग्नेशियमचा कीस ठेवला, पेटवला. डोळे दिपवणारा पांढरा उजेड. लांब पाइपाला चमचा बांधून ठेवला होता, त्यातून थोडंसं पाणी त्यावर सोडलं. भप्पकन ज्वाळा उठली, ठिणग्या उडाल्या. सगळे दोन पावलं मागे सरले. "आयला!" कुणीतरी ओरडलं.

मुरारी मागे सरले नाहीत. "सर, पान्यानं आग इझती. ह्ये चिडलं का?"

"पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. मॅग्नेशियम इतकं उतावीळ की पाण्यातला ऑक्सिजन हिसकावून घेतं. मागे हायड्रोजन उरतो, तो स्वतःच जळतो."

"पर उतावीळ का? लोखंड बी धातूच हाय. त्ये न्हाई करत असं."

हाच प्रश्न. फळ्यावर मी याच प्रश्नाचं उत्तर देत होतो, पण तेव्हा तो कुणाला पडलेला नव्हता.

मी म्हणालो, प्रत्येक अणूच्या मधे केंद्र, भोवती इलेक्ट्रॉनचे थर. केंद्राने सगळ्यांना धरून ठेवलेलं असतं. पण बाहेरचा थर लांब, आणि मधे आतले थर आडवे येतात, म्हणून तिथली पकड ढिली. मॅग्नेशियमच्या बाहेरच्या थरात दोनच इलेक्ट्रॉन. ते देऊन टाकले की आतला थर पुरा भरलेला, तिथं स्थैर्य. म्हणून ते द्यायलाच टपलेलं असतं, आणि ऑक्सिजन घ्यायला. सोडियमचा एकच, तो तर आणखी सैल. लोखंड आपले इतक्या सहज सोडत नाही. सोन्याने ते घट्ट धरलेले, म्हणून सोनं नदीच्या वाळूत युगानुयुगं तसंच पडून राहतं, कुणाच्यात मिसळत नाही.

"मंजी ज्याची पकड ढिली त्यो आधी पेटतो," मुरारी म्हणाले.

"बरोबर."

"मंग ॲल्युमिनियम? त्ये तर तुमच्या त्या यादीत लोखंडाच्या वर व्हतं. पेल्यात तर गप बसलं."

भोंगा झाला. उद्या सांगतो म्हणालो. म्हणजे त्या दिवशी डोळे मिटून ते झोपले नव्हते.

४ जानेवारी

मुरारींना सांगितलं. ॲल्युमिनियमही तसंच उतावीळ. पण हवा लागताक्षणी त्याच्या अंगावर स्वतःच्याच ऑक्साइडची पातळ, घट्ट साय धरते, ती आतल्या धातूला झाकून टाकते. मॅग्नेशियमवरही साय धरते, पण ती आखूड पडते, अंगाला पुरत नाही, तडकते. हवा आत जात राहते.

"आखूड चादर," ते म्हणाले आणि मशीनकडे वळले. जेवायला मात्र माझ्या बाकावर येऊन बसले. त्यांना जागा मिळाली नसावी.

फोनवर विजयश्रीला हे सांगावंसं वाटलं. तिने विचारलं, "तिथं नववीच्या मुलीला वर्षाच्या मधे घेतात का हो शाळेत?" कुणाच्या मुलीला, विचारलं. "कुणाच्या नाही," म्हणाली.

१४ जानेवारी

संक्रांत. कुशाबाईंनी तिळाच्या वड्या दिल्या, वर म्हणाल्या, "गोड बोला, पन आदी बोला तर खरं!" मी "हो" म्हणालो.

मॅग्नेशियमच्या चिप्स आता वेगळ्या, झाकणाच्या ड्रममध्ये जातात, पण भुकटी अजून आलेली नाही. म्हणून मी जाड्या मिठाची पोती आणून, मीठ उन्हात खडखडीत वाळवून, झाकणाच्या तीन-चार ड्रममध्ये भरून ठेवलं. पेटलेल्या मॅग्नेशियमवर कोरडं मीठ घातलं की ते वितळून वर पापुद्रा धरतं आणि हवा तोडतं. वाळूही मी टाळली. मॅग्नेशियम वाळूतला ऑक्सिजनसुद्धा सोडत नाही.

मिठावरून दिवसभर थट्टा. "सर मशीनची दृष्ट काढनार!" "मोहऱ्या कुठंयत सर?" मीही हसलो. मग सांगितलं की मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. एक पाण्यात पेटणारं, दुसरा विषारी वायू. पण एकाने दिलं, दुसऱ्याने घेतलं, दोघंही मोकळी झाली. आता त्यांना कुणाकडून काही नको, म्हणून ती आगीतही शांत राहतात.

मुरारींनी ड्रमवर तेलरंगाने लिहिलं: पाणी नाय, मीठ. शुद्धलेखन सुधारावंसं वाटलं. सुधारलं नाही.

वडी एक खाल्ली. बाकीच्या तशाच आहेत. एकट्याने तिळगूळ खाण्यात काही अर्थ वाटत नाही.

२९ जानेवारी

तपासणी झाली. मोठ्या कंपनीचे दोघे आले, माझी पदवी विचारली, हात मिळवून गेले. शेठ खूश. भुकटीचं पुन्हा विचारलं तर म्हणाले, "आता तपासनी झाली की सर. निवांत घ्या जरा." मग मला कशासाठी घेतलं होतं ते मला आज कळलं. उशिरा कळलं. मुरारींना पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

देहूला गेलो. घाटावर बसलो. बायका माशांना लाह्या टाकत होत्या. एका कुटुंबाने फोटो काढायला सांगितला, काढून दिला. आणखी एक काढा म्हणाले, काढला. मग ते गेले.

ठेकेदाराकडून एक नवा माणूस आलाय, भीमराज, परभणीकडचा. चिप्स उचलायच्या कामावर. त्याला समजावून सांगायला हवं. आपल्याकडचा आहे. या आठवड्यात सांगेन.

१२ फेब्रुवारी

काल आग लागली. मुरारी दवाखान्यात आहेत. अक्षर वेडंवाकडं येतंय.

पाळी बदलायची वेळ होती, दुपारची. मागच्या बाजूला बाहेरचा फिटर गॅसचे सिलिंडर लावून रॅक कापत होता. ठिणगी ड्रममध्ये गेली. भीमराज तो ड्रम रिता करायला आला होता, म्हणून झाकण काढलेलं. शेडमध्ये सूर्यच उतरल्यासारखा उजेड पडला. भीमराजने कुणीही केलं असतं तेच केलं. पाण्याचा पाइप ओढला.

मी ओरडलो, "पाणी नको!" मशीनच्या आवाजात मलाही ऐकू आलं नाही. मुरारी धावले, त्यांनी पाइप हिसकावला, पण पाणी पडलं होतं. स्फोट झाला. भीमराज मागे फेकला गेला, त्याला फारसं लागलं नाही. मुरारींचे दोन्ही हात आणि मान भाजली.

मी उभा राहिलो. किती वेळ कोण जाणे. ज्याने इतक्या वेळा शिकवलं, तो उभा. पुढचं नीट आठवत नाही. मीठ होतं. ड्रम एकामागून एक पुढे येत होते. ते थट्टा करणारेच ओळीत उभे राहून घमेली हातोहात देत होते, कुणी काही विचारत नव्हतं. कुणीतरी ओतत होतं. मग पांढरा पापुद्रा धरला, उजेड तांबडा झाला आणि विझला. माझ्या शर्टाची बाही कधी जळाली कळलं नाही.

खोलीवर आलो तर कुशाबाई माझ्या उंबऱ्यावर बसलेल्या. भाडं तर दिलंय. मला बघून तोंडाला पदर लावला, आत जाऊन कोरफडीचा गर घेऊन आल्या. "लावा," म्हणाल्या. लावला.

भीमराजला सांगायचं राहून गेलं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पिंपरीला दवाखान्यात गेलो. मुरारींचे हात कोपरापर्यंत गुंडाळलेले. जवळ त्यांची बायको अनिता. मला बघून उठून उभ्या राहिल्या. "ह्ये घरी बी सांगायचे. मॅग्नेशियम काय, सोडियम काय. म्या म्हनायचे, ह्या वयात शाळा?"

मुरारी डोळे उघडून म्हणाले, "सर, तुमी येवढ्या आत घुसला... येड्यावानी... तुमी नसता घुसला तर सिलिंडरपतुर गेली असती." औषधाची गुंगी होती. कुणाला तरी बघून मला समजत असावेत. मी उभा होतो, मला आठवतंय.

बाहेर शेठ बाकावर बसले होते. दोन दिवस घरी गेलेले दिसत नव्हते. "खर्चाचं मी बगतो समदं," म्हणाले. मग हळूच: "परवा सरकारी सायेब येनार चौकशीला. शॉर्टसर्किट म्हना. तुमी केमिस्ट, तुमचं ऐकतील. मॅग्नेशियमचं नाव निगालं तर काम जाईल सर, आन काम गेलं तर ही पोरं बी घरी बसतील."

खोटं नव्हतं ते.

१५ फेब्रुवारी

साहेबांनी विचारलं, कारण काय?

मी म्हणालो, मॅग्नेशियमच्या चिप्सना ठिणगी लागली. पाणी पडल्यामुळे भडकली. नव्या माणसाला पाणी टाकू नये हे सांगितलेलं नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.

शेठ बाहेर निघून गेले.

शूर वगैरे नाही मी. खूप घाबरलो होतो. खोटं तोंडात तयारही होतं. पण समोर भीमराज उभा होता, त्याला अजून वाटतंय की त्याचंच काहीतरी चुकलं. शॉर्टसर्किट म्हटलं असतं तर त्याला आयुष्यभर कळलंच नसतं की पाण्याने आग का भडकली. आणि पुढच्या कुठल्यातरी शेडमध्ये त्याने परत पाइप ओढला असता.

नोकरी जाणार. घरी काय सांगू?

१७ फेब्रुवारी

काहीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. गावाकडच्या कुणीतरी आगीचा व्हिडिओ फिरवला. शाळेतूनच विजयश्रीचा फोन.

"तुम्ही तिथं होता?"

"होतो. लांब होतो."

"मला कामून सांगितलं नाही?"

"तू काळजी करशील म्हणून."

"काळजी करायला तरी ठेवलंय का तुम्ही मला? दोन महिने झाले, खोली केवढी, पाणी कधी, शाळा कुठं, सगळं विचारून झालं. तुम्ही मापं सांगता! एकदा तरी म्हणालात का, या म्हणून?"

मला वाटलं होतं तिची तिकडे नोकरी आहे, स्वरूपाची शाळा, मैत्रिणी. मला वाटलं होतं मी गेल्याने त्यांचं काही अडत नाही. हे मी बोललो नाही. मागून पोरांचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

"नोकरी बहुतेक जाईल माझी," मी म्हणालो.

"मी नोकरीचं विचारलं नाही."



"येतेस का?" मी विचारलं.

"विचारलंत एकदाचं," ती म्हणाली आणि नाक ओढलं. मग फोन स्वरूपाने घेतला असावा, कारण नाक ओढल्याचा आवाज वेगळा होता.

शिवरात्रीला जोडून दोन दिवस येताहेत. कायमचं वार्षिक परीक्षेनंतर बघू म्हणाली.

२१ फेब्रुवारी

ते काम गेलं. शेठनी मला बोलावलं. "महिनाभर या. पुढं माझ्याकडं केमिस्टचं काम न्हाई." माझ्याकडे बघत नव्हते. मी बरं म्हणालो.

दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, "त्ये काम पलीकडच्या शेडला गेलंय. ज्योतीरामकडं. जाऊन सांगा त्याला पान्याचं, मिठाचं, समदं."

"तुम्ही सांगा ना शेठ. तुमचे मित्र आहेत."

"मी सांगितलं तर म्हनंल, काम गेलं म्हनून जळतोय." मग स्वतःच थोडं हसले, आणि चेहरा लगेच पडला. "मुरारीचे हात बगितले मी आज. पट्टी सोडली व्हती. जा तुमी."

गेलो. पेले, व्हिनेगर, तवा. मिठाचा ड्रम भीमराजने खांद्यावर आणला, मी सांगितलं नव्हतं. ज्योतीरामशेठ घड्याळ बघत होते, पण तव्यावर पाणी सोडल्यावर बघायचं थांबले. "पुन्हा या," म्हणाले. नोकरीचं काही बोलले नाहीत. तिथल्या एका ऑपरेटरने विचारलं, असं का होतं. मी तोंड उघडायच्या आत भीमराज म्हणाला, "त्याची पकड ढिली असते." त्याला हे मुरारींनी दवाखान्यात पडल्या पडल्या सांगितलं म्हणे.

२६ फेब्रुवारी

थोडक्यात लिहितो. दोघी बाहेर कुशाबाईंजवळ बसल्यात, साबुदाण्याची खिचडी चाललीय, मला दोनदा हाक आली.

सकाळी नाशिक फाट्यावर गेलो होतो. ट्रॅव्हल्स उशिरा आली. स्वरूपा आधी उतरली. उंच झालीय. अर्धवट झोपेत माझ्याकडे बघत राहिली, मग एकदम जागी झाली.

"पप्पा, तुमच्या भुवया कुठंयत?"

"येतील परत," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले."

विजयश्री पिशव्या घेऊन मागे उभी होती. तिने त्या खाली ठेवल्या, तिथंच, रिक्षावाले हॉर्न वाजवत असताना. माझ्या कपाळाखाली अंगठा फिरवला, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. चारचौघांत ती असं कधी करत नाही.

"लांब होतो म्हणालात ना?"